पुस्तकं देऊन टाकण्याआधी

एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. वय 47. चार महिन्यांनी त्या आताच्या घरातून लहान घरात राहायला जाणार आहेत. त्यांच्याकडे जवळपास 900 छापील पुस्तकं आहेत. काही कपाटांत दोन-दोन रांगांत, काही पलंगाखालच्या खोक्यांत. नवऱ्याचं म्हणणं, "एवढं सगळं एका यंत्रात मावतं, मग हा भार कशाला न्यायचा?" धाकटा भाऊ ई-रीडर, म्हणजे खास ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, भेट द्यायला तयार आहे. बाईंनी मध्यंतरी एक कादंबरी फोनवर वाचायला घेतली होती. चाळीसेक पानांत डोळे चुरचुरायला लागले आणि ती सुटली ती सुटलीच. ई-रीडरचंही तेच होईल अशी त्यांना भीती आहे. रात्री दिवा लावून वाचलं की नवऱ्याची झोपमोड होते. बारीक टायपाची जुनी पुस्तकं आता वाचवत नाहीत. सोळा वर्षांचा मुलगा अधूनमधून कपाटातून काहीबाही उचलून वाचत असतो. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "सगळी पुस्तकं देऊन ई-रीडर घेतला तर पुस्तकांशी बेइमानी केल्यासारखं वाटेल. नाही घेतला तर नव्या घरात माणसांनी राहायचं कुठं? एकदाचं काय ते सांगा."

तर एकदाचं सांगायचं झालं तर असं : ई-रीडर जरूर घ्या. पुस्तकंही थोडी कमी करा. पण एकाच्या बदल्यात दुसरं, असा व्यवहार करू नका.

तुमच्या पत्रात, आणि तुमच्या यजमानांच्या बोलण्यातही, हा अदलाबदलीचा हिशेब गृहीत धरलेला दिसतो. 900 पुस्तकं बाहेर, एक यंत्र आत. प्रत्यक्षात ती 900 पुस्तकं यंत्रात जात नाहीत. त्यातली बरीचशी ई-पुस्तक म्हणून मिळणारच नाहीत, विशेषतः जुन्या आवृत्त्या आणि लहान प्रकाशकांची पुस्तकं. जी मिळतील ती पुन्हा विकत घ्यावी लागतील. आणि त्यातली निम्मी-अधिक तुमची वाचूनही झालेली असतील. ई-रीडर तुमच्या पुढच्या वाचनाची सोय करतो. कपाटात आजवरचं वाचन आहे. पुढची दहा वर्षं घरात येणारा पुस्तकांचा ओघ आटोक्यात ठेवायला यंत्राचा फार उपयोग होईल, पण आत्ताची खोकी त्याने हलणार नाहीत. त्यांचा विचार वेगळाच करायला हवा.

म्हणून आधी जागेचा प्रश्न घेऊ, कारण तुम्हाला चार महिन्यांची मुदत आहे.

डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचाचं, 320 पानांचं पुस्तक घ्या. त्यात 160 कागद असतात. 70 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा, कागद धरला तर जाडी दीड ते पावणेदोन सेंटिमीटर आणि वजन मुखपृष्ठासकट 350 ते 400 ग्रॅम होतं. अशी 900 पुस्तकं ओळीने उभी केली तर 14 ते 15 मीटर फळी लागते. आकडा मोठा वाटतो खरा. पण 80 सेंटिमीटर रुंद आणि सात फळ्यांच्या एका मांडणीत 5.6 मीटर फळी मिळते. अशा तीन मांडण्या शेजारी-शेजारी लावल्या तर अडीच मीटर भिंत लागते, आणि सगळी पुस्तकं मावून थोडी जागा उरते. डेमी पुस्तकाची रुंदी 14 सेंटिमीटर असते, त्यामुळे मांडणी भिंतीपासून 18-20 सेंटिमीटरच पुढे आली तरी पुरे. तुमच्याकडे पुस्तकं दोन रांगांत आहेत याचा अर्थ ती बहुधा कपड्यांच्या किंवा सामानाच्या कपाटात ठेवली आहेत. तिथं अर्धी जागा कपाटाच्या खोलपणात वाया जाते आणि मागची रांग कुणी बघतही नाही.

मांडणी करून घेणार असाल तर दोन फळ्यांमध्ये 24-25 सेंटिमीटर अंतर ठेवा. मोठ्या आकाराच्या पुस्तकांसाठी सर्वांत खालची फळी 33 सेंटिमीटर उंच ठेवा. ती उंची इतर फळ्यांतून जाते, त्यामुळे सुताराला आधीच सांगा. फळी 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायची असावी आणि आधाराशिवायची लांबी 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. भरलेल्या एका फळीवर 18-20 किलो वजन येतं. लांबी 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की प्लायही वर्ष-दोन वर्षांत मधोमध झोल खातं, आणि पार्टिकल बोर्ड तर त्याच्याही आधी. अशी उंच आणि अरुंद मांडणी पुढे कलंडू शकते, म्हणून वरच्या बाजूने ब्रॅकेट लावून ती भिंतीत पक्की करून घ्या. घरात लहान मूल नसलं तरीही.

हा हिशेब मांडल्यावर कदाचित असंही दिसेल की जागेचा प्रश्न अर्ध्याहून जास्त फर्निचरचा आहे. तरी पुस्तकं कमी करायची आहेतच, तर ती कशी?

"हे पुस्तक मला आवडतं का?" या प्रश्नावर निवड करायला बसलात तर एकही पुस्तक जाणार नाही. त्याऐवजी "मी हे पुन्हा उघडेन का, आणि कशासाठी?" असं विचारा. रोज एकच फळी घ्या. पुस्तक हातात घेऊन अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर ते 'ठरायचंय' या खोक्यात टाका आणि पुढे चला. काही पुस्तकांबद्दल प्रश्नच नसतो. कुणी लिहून दिलेली प्रत, बाजारात न मिळणारी आवृत्ती, तुमच्या स्वतःच्या टिपणांनी समास भरलेलं पुस्तक, चित्रांचं किंवा नकाशांचं पुस्तक, शब्दकोश, कवितासंग्रह. ही राहू द्या. एकदा वाचून झालेल्या आणि कुठल्याही वाचनालयात सहज मिळणाऱ्या कादंबऱ्या, जुन्या परीक्षांची पुस्तकं, कालबाह्य झालेली संगणकाची किंवा कायद्याची मार्गदर्शकं, दोनदा आलेल्या भेटी, ही निर्धास्त जाऊ द्या. यातूनच 200-250 पुस्तकं सहज निघतात.

न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग मात्र वेगळा काढा आणि त्याच्याकडे नीट पाहा. बहुतेक संग्रहांत हाच ढीग मनावर ओझं टाकतो, आणि ई-रीडर घेतल्यावर तो आणखी वाढण्याचा धोका असतो. यंत्रावर पुस्तक घेणं इतकं सोपं असतं की न वाचलेली पन्नास पुस्तकं जमल्याचं कळतही नाही, कारण ती कुठं दिसत नाहीत. नव्या घरात गेल्यावर न वाचलेली पुस्तकं फळीवर उलटी, म्हणजे डोकं खाली करून उभी करा. वाचायला घेतलं की सरळ करा. वर्षभराने जी उलटीच राहिली असतील त्यांचं काय करायचं ते तुम्हाला आपोआप समजेल. नव्या खरेदीलाही, मग ती छापील असो की ई-पुस्तक, याच हिशेबात धरा.

आता तुमच्या डोळ्यांकडे. फोनवर डोळे चुरचुरले म्हणजे ई-रीडरवरही चुरचुरतील, हे गृहीतक बरोबर नाही. फोनचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि चित्र सेकंदाला साठ किंवा जास्त वेळा नव्याने काढतो. ई-रीडरच्या पडद्यात, ज्याला ई-इंक म्हणतात, केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, त्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा झटका दिला की काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि तिथंच थांबतात. पान उलटून झालं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. डोळ्यांत शिरतो तो खोलीतला प्रकाश, पडद्यावरून परावर्तित झालेला, कागदावरून होतो तसाच. अंधारात वाचायला कडेला बारीक एलईडी असतात, त्यांचा उजेड एका पातळ थरातून पडद्यावर पसरतो. फोनसारखा तो मागून डोळ्यांवर येत नाही.

पण एक गोष्ट आधी करा. डोळे तपासून घ्या. सत्तेचाळीसाव्या वर्षी बारीक टाइप वाचवत नाही याचं सर्वांत साधं कारण चाळिशी लागणं हे असतं. तीन-चार वर्षांपूर्वीचा चष्मा असेल तर त्याचा नंबर बदललेला असू शकतो. नंबर चुकीचा असेल तर फोन, कागद आणि ई-रीडर तिन्हीवर त्रास होणार, आणि दोष यंत्राला लागणार. नवा चष्मा आल्यावर जी जुनी पुस्तकं तुम्ही मनातून बाद केली होती त्यातली काही परत वाचता येतील, म्हणून निवडही त्यानंतरच करा.

ई-इंकच्याही मर्यादा आहेत. त्याचा पांढरा रंग कागदाइतका पांढरा नसतो, किंचित राखाडी असतो. मंद उजेडात पडद्याचा दिवा थोडा लावावाच लागतो. पान बदलताना क्षणभर लुकलुकतं, आणि कधीकधी मागच्या पानाची पुसट सावली राहते. हा बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये 'प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश' सुरू केलं की सावली जाते, बॅटरी थोडी जास्त खर्च होते. आणि भरभर पानं चाळून मागचा एखादा संदर्भ शोधणं यंत्रावर कंटाळवाणं होतं. शब्द आठवत असेल तर शोध सुविधेने चटकन सापडतो. पण "डाव्या पानावर, खाली कुठंतरी, पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशात" एवढंच आठवत असेल तर कागदाला पर्याय नाही.

रात्रीच्या वाचनाचा प्रश्न मात्र ई-रीडर पूर्ण सोडवतो. पडद्याचा दिवा अगदी कमी आणि रंग पिवळसर ठेवलात तर शेजारच्या माणसाला जाणवतही नाही. तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल काही वाचलं असेल तर तेही स्पष्ट करायला हवं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 जणांना झोपण्याआधी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचायला दिलं होतं. त्यांच्या शरीरातलं झोपेशी निगडित मेलाटोनिन कमी झालं आणि झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. पण तो पडदा टॅब्लेटचा होता आणि त्याची प्रखरता कमाल ठेवलेली होती. मंद, पिवळसर उजेडातल्या ई-इंकला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून यंत्र घेताना 'वॉर्म लाइट', म्हणजे उजेडाचा रंग बदलण्याची सोय, आहे ना हे पाहायला भावाला नक्की सांगा. काही स्वस्त मॉडेलमध्ये ती नसते.

भाऊ विचारेल, कोणता घेऊ? कंपनीपेक्षा आकार आधी ठरवा. सहा इंची पडद्याचं यंत्र 160 ते 200 ग्रॅमचं असतं, एका हातात छान बसतं. पण टाइप मोठा केला की त्याच्या एका पानावर फार थोडा मजकूर उरतो. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं आणि पानावर ओळी आणखी कमी बसतात. तुम्हाला टाइप मोठा लागणार असेल तर सात इंचांचं घ्या. दहा इंची यंत्रं साधारण 400 ग्रॅमच्या आसपास असतात. पलंगावर पडून वाचताना ती मनगटाला जाणवतात, शिवाय पीडीएफ वाचायचे नसतील तर त्यांची गरज नाही. पडद्याची घनता 300 पीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, असावी. त्याहून कमी असेल तर बारीक जोडाक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. रंगीत ई-इंक सध्या टाळा. त्यात रंगांसाठी पडद्यावर एक जास्तीचा थर असतो, त्यामुळे पार्श्वभूमी अधिक काळपट दिसते. आणि कृष्णधवल मजकूर 300 पीपीआयवर दिसत असला तरी रंगांची घनता त्याच्या निम्मीच असते. साठवण 16 जीबी भरपूर झाली. नुसत्या मजकुराची कादंबरी एक ते तीन एमबीची असते. जास्त साठवणीचे पैसे फक्त ऑडिओबुक किंवा चित्रकथांसाठी मोजावेत. पान उलटायला बटणं असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम, एका हाताने वाचणाऱ्याला त्याची किंमत कळते.

मराठी पुस्तकांबाबत थोडं जास्त सावध राहायला हवं. ई-पुस्तक म्हणून विकलं जाणारं प्रत्येक पुस्तक खरं ई-पुस्तक नसतं. काही वेळा ते छापील पानांचे नुसते फोटो असतात. अशा पुस्तकात टाइप मोठा होत नाही, शब्द शोधता येत नाही, शब्दकोशही चालत नाही. मोठं करायला गेलं की सबंध पानच मोठं होतं आणि ओळ वाचायला डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेली पुस्तकंही बरेचदा पीडीएफ म्हणूनच येतात, कारण त्यातला मजकूर बाहेर काढला तर निरर्थक रोमन अक्षरं मिळतात.

म्हणून खरेदीआधी नमुना प्रकरण उतरवून घ्या आणि दोन गोष्टी करून पाहा. टाइपचा आकार तीन पायऱ्यांनी वाढवा. ओळी नव्याने मांडल्या गेल्या तर पुस्तक खरं आहे. मग 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'दृष्ट्या', 'कर्तृत्व', 'हृदय', 'ॲप' असे शब्द कुठं दिसतात का पाहा. 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' ही सर्वांत आधी मोडणारी अक्षरं आहेत. पाय मोडलेला र आणि त्याच्या शेजारी सुटा य दिसला तर फाँट बदलून बघा. तरीही तसंच राहिलं तर ते पुस्तक छापील घ्या, कारण तीनशे पानं असं वाचणं म्हणजे दाताखाली खडे घेऊन जेवणं आहे.

पीडीएफबद्दल एक हिशेब लक्षात ठेवला की फसगत होत नाही. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे 9 सेंटिमीटर असते. ए-4 पानाची रुंदी 21 सेंटिमीटर. पान पडद्यावर बसवलं की सगळं 43 टक्क्यांवर येतं आणि 12 पॉइंटचा टाइप जेमतेम 5 पॉइंटचा होतो. तो कुणालाच वाचवत नाही. डेमी पानाचं पीडीएफ 65 टक्क्यांवर येतं, 11 पॉइंटचे 7 होतात. कडेचे समास कापले तर थोडा टाइप परत मिळतो. 'कॅलिबर' ही संगणकावरची मोफत प्रणाली फाइलींचं रूपांतर करायला आणि संग्रह नीट लावायला उत्तम आहे. पण फोटो असलेल्या पीडीएफमधून तीही मजकूर काढू शकत नाही, आणि दोन स्तंभांच्या पानाचं रूपांतर बहुधा विस्कटतं. तुमच्या वाचनात असे पीडीएफ बरेच असतील तर ते टॅब्लेटवर किंवा छापून वाचा.

"एकदा घेतलं की कायमचं माझं" असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं आहे. ते मात्र खरं धरू नका. बहुतेक दुकानांतून ई-पुस्तक घेताना आपल्याला वाचण्याचा परवाना मिळतो, पुस्तकाची मालकी नाही. 2009 साली अॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे दोन विकलेल्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून, म्हणजे अॅमेझॉनच्याच ई-रीडरवरून, परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली, आणि काहींची टिपणंही निरुपयोगी झाली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकं वाचता येईनाशी झाली. तिथंही पैसे परत मिळाले. फेब्रुवारी 2025 मध्ये अॅमेझॉनने विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोय बंद केली. अशा गोष्टी रोज घडत नाहीत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. मात्र ज्या पुस्तकाची प्रत वीस वर्षांनी हातात असावी असं वाटतं, ते छापील घ्यावं किंवा कुलूप (नक्कल करायला आणि दुसऱ्या यंत्रावर उघडायला अडवणारी सोय) नसलेल्या ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपात घेऊन त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. कुलूपबंद पुस्तक मैत्रिणीला वाचायला देता येत नाही आणि मागे ठेवूनही जाता येत नाही. बहुतेक दुकानांच्या अटींत खात्याचं हस्तांतरण बसत नाही.

यंत्रावरच्या टिपणांचंही तेच. अधोरेखनं आणि टिपणं महिन्यातून एकदा संगणकावर उतरवून ठेवा. किंडलमध्ये ती 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत साठतात, केबल जोडली की दिसतात. इतर यंत्रांत निर्यातीची सोय वेगळ्या नावाने असते.

"कागदावर वाचलेलं जास्त लक्षात राहतं" हेही तुम्ही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण सरसकट नाही. 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत मिळून 1 लाख 70 हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर, आणि त्यातही वेळेचं बंधन असताना वाचलेला, कागदावर अधिक चांगला समजला. गोष्टी-कादंबऱ्यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. 2019 मध्ये संशोधक ॲन मँगन आणि सहकाऱ्यांनी 50 जणांना एक 28 पानी गोष्ट वाचायला दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखेच ठरले. फक्त कोणती घटना आधी आणि कोणती नंतर घडली, हे सांगण्यात छापील वाचणारे सरस होते. कारण असं असावं की छापील पुस्तकात डाव्या हातातली पानं वाढतात, उजव्या हातातली कमी होतात, आणि त्यावरून कथेतली जागा हाताला कळत राहते.

यावरून वाटणी करता येते. जाडजूड कादंबऱ्या, एकदा वाचून सोडायची पुस्तकं, प्रवासातलं आणि रात्रीचं वाचन, दुसऱ्या भाषेतली पुस्तकं (शब्दावर बोट ठेवलं की अर्थ मिळतो, याचा फायदा विलक्षण आहे), 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'सारख्या मोफत संकेतस्थळांवरची हक्कमुक्त जुनी पुस्तकं, हे सगळं ई-रीडरवर. अभ्यासाची, तक्ते-आकृत्यांची, तळटिपांनी भरलेली पुस्तकं कागदावर. कविता शक्यतो कागदावरच वाचा. टाइप मोठा केला की यंत्र ओळ मध्येच मोडतं आणि कवीने ठरवलेली ओळ कुठं संपते ते समजत नाही. टाइप लहान ठेवून, यंत्र आडवं धरून वाचता येतं, पण मग ज्या सोयीसाठी यंत्र घेतलं तीच जाते.

बेइमानीच्या भावनेबद्दल. ती तुम्ही इतक्या मनापासून लिहिली आहे की तिला उडवून लावणं बरोबर नाही. पण मला वाटतं, पुस्तकांवर अन्याय होतो तो पलंगाखालच्या खोक्यात. तिथं ओल धरते, कसर लागते, आणि मुलाच्या हाताला ती लागतच नाहीत. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा कपाटातून पुस्तक उचलतो, ही मला तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ वाटते. 2011 ते 2015 या काळात 31 देशांतल्या सुमारे 1 लाख 60 हजार प्रौढांची माहिती गोळा झाली होती. तिच्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या किशोरवयात घरात पुस्तकं होती त्यांची पुढे वाचनातली आणि आकडेमोडीतली कौशल्यं सरासरीने अधिक चांगली होती, आईवडिलांचं शिक्षण हिशेबात धरूनही. नुसत्या पुस्तकांमुळेच ते झालं असं यातून सिद्ध होत नाही. पण ई-रीडरवरचा संग्रह घरातल्या दुसऱ्या कुणाला येता-जाता दिसत नाही, एवढं नक्की. मुलाला निवड करताना सोबत बसवा. तो जे ठेवा म्हणेल ते ठेवा, त्याची चव वेगळी असली तरी.

जी पुस्तकं राहतील त्यांच्यासाठी थोडी काळजी पुरेशी आहे. मांडणी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. टेकवावीच लागली तर तीन-चार सेंटिमीटर हवा खेळू द्या, ब्रॅकेट लांब दांड्याचे घ्या. पुस्तकं फळीत ठासून भरू नका, काढताना कण्याचं वरचं टोक फाटतं. कसर दिसली तर ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये उणे 18 ते 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस जाऊ द्या, नाहीतर थंड कागदावर दमट हवेचं पाणी धरतं. सुटलेली पानं चिकटपट्टीने जोडू नका. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि निघत नाही. पानांत स्टीलची क्लिप किंवा रबरबँड ठेवू नका, एक गंजते आणि दुसरं वितळून चिकटतं.

यंत्राची काळजी यापेक्षा सोपी आहे, पण एकच चूक महागात पडते. ई-इंकच्या थराखाली बहुतेक मॉडेलमध्ये फार पातळ काच असते. बाहेरून ओरखडाही न दिसता ती आत तडकते, आणि पडद्यावर न हलणाऱ्या रेघा उमटतात. पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. पिशवीत किल्ल्यांचा दाब, पलंगावर त्यावर टेकलेलं कोपर, वर ठेवलेली दोन जाड पुस्तकं, एवढं पुरतं. पुढून झाकणारं टणक कव्हर पहिल्या दिवसापासून वापरा. बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवू नका. वापरायचं नसेल तर निम्मी भरून ठेवा. एकदम शंभर पुस्तकं टाकलीत तर पहिले एक-दोन दिवस बॅटरी झपाट्याने उतरेल, कारण यंत्र शोधासाठी प्रत्येक पुस्तकाची सूची बनवत असतं. आठवडा झाला तरी तशीच उतरत असेल तर एखादी फाइल खराब आहे असं समजा आणि शेवटी टाकलेली पुस्तकं एकेक काढून बघा.

चार महिन्यांची आखणी अशी करता येईल. पहिल्या महिन्यात डोळे तपासा आणि भावाला यंत्र आत्ताच द्यायला सांगा, घर बदलल्यावर नको. कुणाचं उसनं मिळालं तर आणखी बरं. त्यावर दोन पुस्तकं पूर्ण वाचा, एक कादंबरी आणि एक माहितीपर. पहिल्या आठवड्यात हात अवघडतो आणि पानं किती उरली ते कळत नाही म्हणून अस्वस्थ वाटतं, तेवढ्यावर मत बनवू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात रोज एक फळी याप्रमाणे निवड करा. 'ठरायचंय'चं खोकं कितीही मोठं झालं तरी ते सोबत न्या. ते घर बदलल्यावर सहा महिन्यांनी उघडायचं आहे, आणि तोवर त्यातलं एकही पुस्तक विकायचं किंवा द्यायचं नाही.

शेवटच्या पंधरवड्यात बांधाबांध. खोकी 30 बाय 30 बाय 25 सेंटिमीटरच्या आसपासची घ्या. भरल्यावर ती 15 किलोच्या जवळ जातात, एका माणसाला उचलता येतात. सामानाच्या मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तळ सुटतो. पुस्तकं आडवी रचा किंवा फळीवर असतात तशी उभी ठेवा. उघडी बाजू खाली आणि कणा वर, अशी कधीच ठेवू नका, पानांच्या वजनाने बांधणी उखडते. मोकळ्या जागेत कोरा कागद कोंबा, वर्तमानपत्राची शाई लागते. प्रत्येक खोक्यावर फळीचा क्रमांक लिहा आणि मांडणी आधी उभी करून घ्या, म्हणजे नव्या घरात खोकी पुन्हा पलंगाखाली जाणार नाहीत.